अर्जातली एक ओळ

जुन्या लोकांच्या बोलण्यात 'बी. ए. (नापास)' अशी एक पदवी नेहमी येत असे. अर्जाच्या खाली, पत्रिकेवर, क्वचित दारावरच्या पाटीवरसुद्धा ती दिमाखाने झळके, आणि आपण तिला हसतो. परंतु हसण्यापूर्वी थोडा विचार केला पाहिजे. बी. ए. ला नापास होण्यासाठी आधी मॅट्रिक पास व्हावे लागे, नंतर प्रीव्हियस किंवा एफ. ए. ओलांडावी लागे, आणि मगच नापास होण्याचा अधिकार प्राप्त होई. कचेरीतल्या साहेबाला हे सगळे ठाऊक असे. तेव्हा त्या गृहस्थाने कंसात लिहिलेला 'नापास' हा शब्द म्हणजे एका अर्थी त्याचे प्रशस्तिपत्रकच होते. शिवाय तो खरे लिहीत होता, ही गोष्ट वेगळीच.

खरी पंचाईत होई ती ज्याला हा कंस लिहिण्याची सोय नव्हती त्याची. एखाद्याच्या आयुष्यात अपयश इतके खालच्या पायरीवर येते की ते सांगितले तर दार बंद होते आणि लपवले तर खोटेपणा पदरी येतो. अशा माणसाने अर्ज कसा लिहावा? आपल्या देशातल्या एका माणसाने तो तीन वेळा लिहिला, तीन निरनिराळ्या ठिकाणी. त्या अर्जांची ही हकीकत आहे.

पण त्याआधी परीक्षेचा एक नियम सांगितला पाहिजे. त्यावाचून पुढचे समजणार नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे आपली पहिली तीन विश्वविद्यालये निघाली, ती त्या वेळच्या लंडनच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचे कॉलेजांनी, आणि विश्वविद्यालयाने परीक्षा घेऊन शिक्का मारायचा. शिक्का मिळण्याची अट अशी की नेमलेल्या प्रत्येक विषयात पास झाले पाहिजे. एका विषयात शंभर गुण मिळवून दुसऱ्याची भरपाई करता येत नसे. ही अट किती कडक होती पाहा. १८५८ साली कलकत्त्यास बी. ए. ची पहिली परीक्षा झाली तेव्हा नियमाप्रमाणे एकही उमेदवार उतरला नाही. शेवटी दोघांना एका विषयात कमी पडलेले गुण, सातांपेक्षा जास्त नाहीत असे, मेहेरबानीखातर देण्यात आले आणि विश्वविद्यालयाला आपले पहिले पदवीधर लाभले. त्यांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. मुंबईस पुढच्याच वर्षी मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. सव्वाशेवर मुले बसली आणि त्यांतली पंचवीसही पार पडली नाहीत.

याच मुंबईच्या मॅट्रिकला १८८७ साली अहमदाबादच्या केंद्रावर काठेवाडातला एक मुलगा बसला होता. त्याला ६२५ पैकी साडेदोनशेसुद्धा नाहीत, अडीच कमी, म्हणजे २४७½ गुण पडले. इंग्रजीत २०० पैकी ८९, गणितात १७५ पैकी ५९. पास झाला खरा, पण भावनगरच्या कॉलेजात एका टर्मपलीकडे टिकला नाही. पुढे विलायतेस गेल्यावर लंडनच्या मॅट्रिकला तो लॅटिनमध्ये नापास झाला, आणि पुन्हा बसून पास झाला. गांधीजींनी हे सारे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगून टाकले आहे. पण पुन्हा बसायचे म्हणजे पाठीशी कोणी तरी लागते. त्यांच्या पाठीशी थोरले बंधू होते, आणि राहिलेला विषयही एकच होता. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, आणि ज्याचा एकच विषय बाकीच्या सगळ्या विषयांना गिळून बसला आहे, त्याने काय करावे?

असा मुलगा तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम् गावी वाढत होता. श्रीनिवास रामानुजन, जन्म २२ डिसेंबर १८८७. वडील कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिना वीस रुपयांच्या आसपास; आई देवळात भजने म्हणे. घरी सोवळेओवळे कडक. प्राथमिक परीक्षेत हा जिल्ह्यात पहिला आला. डिसेंबर १९०३ मध्ये मॅट्रिक झाला आणि इंग्रजी व गणित या विषयांतल्या प्रावीण्याबद्दल त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजीतल्या प्रावीण्याबद्दल, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मध्यंतरी त्याच्या हाती एक पुस्तक पडले होते. कार नावाच्या इंग्रज शिकवणीमास्तरांनी परीक्षेच्या उमेदवारांसाठी गणिताच्या हजारो सिद्धांतांची केलेली ती जंत्री. सिद्धता बहुधा नाही, असली तर एक-दोन ओळींची. गंमत अशी की हे कारसाहेब स्वतः चाळिशीच्या सुमारास केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते आणि दुसऱ्या वर्गात पास झाले होते. त्यांच्या पुस्तकाने विलायतेत कोणाचे भाग्य उजळले असेल ते असो. कुंभकोणमच्या या मुलाने मात्र त्यातला एकेक सिद्धांत स्वतः सिद्ध करायला घेतला, आणि तिथपासून त्याला दुसरे काही दिसेना.

एफ. ए. ला इंग्रजी, संस्कृत, गणित, शरीरशास्त्र आणि ग्रीस-रोमचा इतिहास असे विषय होते. इतिहासाच्या तासाला हा आपली गणिते मांडी. १९०५ च्या आरंभी वरच्या वर्गात चढवण्याची वेळ आली तेव्हा तो इंग्रजी निबंधात नापास ठरला, आणि शिष्यवृत्ती गेली. टर्मची फी बत्तीस रुपये, म्हणजे बापाचा दीड महिन्याचा पगार. काही महिने कसेबसे काढून ऑगस्टमध्ये मुलगा घरातून नाहीसा झाला तो थेट विजगापट्टणला. आईबापांनी 'हिंदू' पत्रात मुलगा हरवल्याचे छापून आणले. तो परत आला, पण हजेरी कमी भरली आणि ते वर्ष फुकट गेले.

पुढच्या वर्षी मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातले; तिथे तो आजारी पडला. डिसेंबर १९०६ मध्ये एफ. ए. ला बसला, नापास झाला. डिसेंबर १९०७ मध्ये खाजगी रीतीने पुन्हा बसला, पुन्हा नापास. गणितात अर्थातच हात धरणारा कोणी नव्हता. शरीरशास्त्राचे मात्र त्याला वावडेच होते. पचनसंस्थेवरच्या प्रश्नाला तोडकेमोडके उत्तर लिहून त्याने खाली नमूद केले, की पचनाच्या प्रकरणाचे हे माझ्याकडून न पचलेले उत्तर आहे, अशी हकीकत चरित्रकार देतात. परीक्षकाला ते वाचून हसू आले असेल. गुण काही आले नाहीत.

इथून पुढली तीन-चार वर्षे घरच्या ओसरीवर, पाटीवर आणि वहीत गेली. कागद महाग, म्हणून गणित पाटीवर करायचे, कोपराने पुसायचे आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचे. १९०९ च्या जुलैत आईने लग्न लावून दिले. आता याला 'तो' म्हणणे बरे दिसत नाही. संसारी गृहस्थ झाले. नोकरी पाहणे भाग होते.

वह्या काखोटीला मारून रामानुजन दारोदार हिंडू लागले. १९१० मध्ये ते तिरुकोइलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले आणि एखादी कारकुनी मागितली. रामस्वामींनी वह्या पाहिल्या आणि नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवून या बुद्धीचा गळा घोटायची माझी इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले. हे गृहस्थ म्हणजे हिंदुस्थानातल्या गणितप्रेमी मंडळींनी १९०७ साली काढलेल्या गणित परिषदेचे संस्थापक. या परिषदेचे ग्रंथालय आपल्या पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात होते. सीनियर रँग्लर परांजपे तिथे प्रिन्सिपॉल होते, तेव्हा ग्रंथांना दुसरे योग्य घर कुठले मिळणार? याच परिषदेच्या मासिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला निबंध छापून आला. त्याआधी नेलोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्यांना दरमहा पंचवीस रुपये आपल्या खिशातून देण्यास सुरुवात केली होती. पण दुसऱ्याच्या खिशातल्या पैशावर जगणे रामानुजन यांना पटेना.

आणि म्हणून ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांना एक अर्ज लिहिला.

हा अर्ज आजही उपलब्ध आहे. चार-पाच वाक्यांचा, रीतसर, कुठल्याही उमेदवाराने लिहावा तसा. आपल्या कचेरीत एक जागा रिकामी असल्याचे समजते, ती मला मिळावी. मी मॅट्रिक पास आहे आणि एफ. ए. पर्यंत शिकलो आहे. परंतु काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही. तेव्हापासून माझा सर्व वेळ मी गणिताला दिला आहे. काम नीट करीन अशी मला खात्री वाटते. झाले.

या ओळीवर मी पुष्कळ वेळ घालवला आहे. 'एफ. ए. पर्यंत' हा शब्दप्रयोग पाहा. 'पर्यंत' हा मोठा सोयीचा शब्द आहे: पुण्यापर्यंत गेलो म्हणजे पुण्यात शिरलो की वेशीवरूनच परतलो, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. आणि 'काही प्रतिकूल परिस्थिती' यात काय काय दडले आहे? इंग्रजीचा निबंध, गेलेली शिष्यवृत्ती, बत्तीस रुपयांची फी, विजगापट्टणची गाडी, मद्रासचे आजारपण, शरीरशास्त्र दोन वेळा. 'नापास' हा शब्द तेवढा कुठे नाही. मला यात लबाडी दिसत नाही. लबाडी करायची असती तर अलीकडेच छापून आलेल्या निबंधाचे ढोल वाजवता आले असते. त्याचाही अर्जात उल्लेख नाही. ज्या माणसाला आपले अपयश एका ओळीत सांगायचे आहे आणि त्या ओळीवर महिना तीस रुपयांची भाकरी अवलंबून आहे, त्याने लाजत लिहिलेली ती ओळ आहे. आपल्यांपैकी कितीजणांनी अशी ओळ लिहिली असेल! हल्लीच्या मुलांना 'एटीकेटी' हा शब्द तरी आहे. विषय राहिला तरी वर्ग पुढे जातो. तेव्हा राहिला म्हणजे सगळेच राहिले.

अर्जाला प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांची शिफारस जोडली होती: या तरुणाची गणितातली कुवत अगदी असामान्य आहे. आणि दैव असे की हिशेबखात्याचे मुख्य नारायण अय्यर हे स्वतः गणिती आणि गणित परिषदेचेच माणूस. १ मार्च १९१२ पासून रामानुजन कामावर रुजू झाले. रात्री साहेब आणि कारकून पाट्या घेऊन गणिते करीत बसत. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे इंजिनियर. त्यांनाही हळूहळू आपल्या कचेरीतल्या या प्रकरणाची माहिती झाली.

दुसरा अर्ज १६ जानेवारी १९१३ चा, केंब्रिजचे प्रोफेसर हार्डी यांना लिहिलेला. त्याला पत्र म्हणतात, पण होता तो अर्जच. त्याआधी तिथल्या दोन नामांकित गणितज्ञांना लिहून उपयोग झाला नव्हता. या पत्रात रामानुजन सांगतात: मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहे, वय सुमारे तेवीस, विश्वविद्यालयाचे शिक्षण झालेले नाही, शाळेतले नेहमीचे शिक्षण तेवढे झाले आहे. म्हणजे आता एफ. ए. चे नावच गेले! दोन कॉलेजे, दोन परीक्षा, सगळे पुसून टाकले. कोपराने पाटी पुसावी तसे. वयही त्या वेळी पंचवीस पुरे झालेले होते. ही दोन वर्षे कुठे गेली? चूक असेल, किंवा संकोच असेल. मला आपले वाटते, १९०६ आणि १९०७ ही दोन साले त्यांनी आपल्या आयुष्यात धरलीच नसावीत. याला पुरावा काही नाही. वाचकांनी हवे तर सोडून द्यावे.

पण या वेळी ओळीखाली सिद्धांतांची पाने जोडलेली होती. हार्डींनी ती पाने वाचली, लिटलवुड यांना दाखवली, आणि ८ फेब्रुवारीला उत्तर धाडले. अर्जदाराच्या शिक्षणाबद्दलची ओळ त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची राहिलीच नाही.

मद्रासमध्ये ती महत्त्वाची होती. तिसरा अर्ज तिथल्या विश्वविद्यालयापुढे आला, आणि इथे काही लपवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नापास करणारे तेच होते! १९०६ आणि १९०७ च्या याद्या त्यांच्याच दफ्तरात होत्या. हा अर्ज खरे तर रामानुजन यांनी लिहिलाच नाही, दुसऱ्यांनी लिहिला. हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर फेब्रुवारीच्या अखेरीस मद्रासला आले होते. आपल्या पावसाचा आगाऊ अंदाज बांधण्यासाठी ज्यांनी जन्माची खटपट केली ते हे वॉकर. मुळात तेही केंब्रिजचे सीनियर रँग्लर. स्प्रिंगसाहेबांनी त्यांच्यापुढे वह्या ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी वॉकरांनी रजिस्ट्रारला लिहिले, की या तरुणाला काही वर्षे तरी पोटाची काळजी न करता आपला सर्व वेळ गणिताला देता येईल अशी तजवीज विश्वविद्यालयाने करावी.

गणिताच्या अभ्यासमंडळाने दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिफारस केली. प्रकरण सिंडिकेटपुढे गेले आणि अडले. संशोधनाची शिष्यवृत्ती मिळण्यास एम. ए. पाहिजे असा नियम. आणि उमेदवार तर एफ. ए. सुद्धा नाही. ज्यांनी नियम दाखवला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियम मोडायचा तर उद्या दुसरा कोणी वही घेऊन येईल, त्याला काय सांगायचे, हा प्रश्न कोणत्याही कारभाऱ्याला पडतोच. तेव्हा हायकोर्टाचे न्यायमूर्ती सुंदर अय्यर यांनी कायद्याकडे बोट दाखवले. संशोधनाला उत्तेजन देणे हे विश्वविद्यालयाचे एक कर्तव्य म्हणून सांगितले आहे ना? मग या माणसाच्या शिक्षणात उणिवा काही असोत, संशोधक म्हणून तो सिद्ध झालेला आहे की नाही? वकिली बुद्धीचा असा सदुपयोग क्वचितच पाहायला मिळतो. ठराव पास झाला. १ मे १९१३ पासून रामानुजन मद्रास विश्वविद्यालयाचे संशोधक-विद्यार्थी झाले. परीक्षा नाही, दर तीन महिन्यांनी केलेल्या कामाचा अहवाल तेवढा द्यायचा. त्यांनी असे तीन अहवाल दिले.

परीक्षेची धास्ती मात्र गेली नव्हती. १९१४ च्या जानेवारीत केंब्रिजचे नेव्हिल मद्रासला व्याख्यानांसाठी आले आणि विलायतेस येण्याचा आग्रह करू लागले. त्या वेळी रामानुजन यांच्या ज्या शंका त्यांना निवाराव्या लागल्या त्यांत इंग्रजी कच्चे असण्याची होती, शाकाहाराची होती, आणि तिथे पुन्हा परीक्षेला बसावे लागेल काय ही होती. परदेशगमनाच्या धर्मबाधेबद्दल लोक नेहमी लिहितात. या शेवटच्या शंकेबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. मला तीच अधिक बोलकी वाटते. विश्वविद्यालयाने वर्षाला अडीचशे पौंड आणि प्रवासखर्च दिला, आणि १७ मार्चला 'नेवासा' बोटीने ते निघाले.

केंब्रिजलाही प्रवेशाची रीतसर पात्रता त्यांच्यापाशी नव्हती. तिथे ती अट बाजूला ठेवण्यात आली. मार्च १९१६ मध्ये त्यांना संशोधनाबद्दल बी. ए. मिळाली. प्रबंधाचा विषय ज्यांना भाजक फार आहेत अशा संख्या. बाराला सहा संख्यांनी नि:शेष भाग जातो, आणि बाराहून लहान कुठल्याही संख्येला इतक्या संख्यांनी जात नाही. साठाचेही तसेच, त्याला बारांनी जातो. आपल्या डझनामागे आणि घड्याळाच्या साठ मिनिटांमागे असले गणित आहे. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. या भाग्याच्या दिवसांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. ती इथे पुन्हा नकोत.

हार्डी मात्र त्या नापासाच्या वर्षांना कधी विसरले नाहीत. रामानुजन तरुणपणी गेले हे त्यांच्या मते खरे दु:ख नव्हे. अठराव्या वर्षापासूनची पाच वर्षे, गणिती बुद्धी ऐन भरात असताना, मार्गदर्शनावाचून वाया गेली हे दु:ख. ताठर शिक्षणपद्धतीने केलेल्या नुकसानीचे याहून वाईट उदाहरण आपल्याला माहीत नाही, असे ते म्हणत. आणि लागत होते किती, तर वर्षाला साठ पौंड आणि क्वचित कोणाची तरी भेट.

लंडनच्या पटनी भागातल्या एका शुश्रूषागृहात रामानुजन आजारी पडलेले असताना मद्रास विश्वविद्यालयाने त्यांना पाच वर्षे दरसाल अडीचशे पौंड देऊ केले. ११ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी रजिस्ट्रार ड्यूसबरी यांना उत्तर लिहिले. याच रजिस्ट्रारच्या टेबलावर सहा वर्षांपूर्वी वॉकरांचे पत्र पडले होते. आभार मानून ते लिहितात, की आजारामुळे गेल्या दोन वर्षांत पूर्वीइतके गणित माझ्या हातून झालेले नाही. लवकरच अधिक करता येईल अशी आशा आहे. ही कबुली त्यांच्याकडे कोणी मागितली नव्हती. पत्रात पैशाची गोष्टही आहे. दिलेली रक्कम माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे. माझा इंग्लंडातला खर्च भागल्यावर दरसाल पन्नास पौंड माझ्या आईवडिलांना द्यावेत, आणि जरुरीपुरता खर्च जाऊन जे उरेल ते शिक्षणाच्या एखाद्या कामी लावावे. उदाहरणार्थ, गरीब आणि पोरक्या मुलांची शाळेची फी कमी करणे, आणि शाळांतून पुस्तकांची सोय करणे.